दक्षिण आफ्रिका आणि नामिबियात स्वतः गाडी चालवत जंगल सफारी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही मूळ सोलापूरचे. आधी दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर आणि दोन वर्षांनी नामिबियातलं इटोशा अशी दोन जंगलं आम्ही भाड्याच्या गाडीने, स्वतः चालवत पाहिली. दुसऱ्या वेळी आई सोबत होती. तेव्हापासून नातेवाईक, मित्र आणि मित्रांचे मित्र फोन करून साधारण तेच प्रश्न विचारतात. ते सगळे इथे एकत्र केले आहेत.

सिंहांच्या जंगलात आपली गाडी आपणच न्यायची? गाईड नाही, जिप्सी नाही?

हो. ताडोबा-पेंचची सवय असलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो. तिकडे गेटवर कागद दाखवायचे, शुल्क भरायचं, नकाशा घ्यायचा आणि आत शिरायचं. कुठल्या रस्त्याला वळायचं, कुठे थांबायचं, किती वेळ थांबायचं, हे सगळं तुमच्या हातात. गाईडसोबतच्या सफारीही मिळतात आणि पहाटेची किंवा रात्रीची एखादी जरूर घ्यावी, कारण अंधारात आपल्याला गाडी बाहेर काढता येत नाही. पण आपल्या गाडीत, आपल्या माणसांसोबत, पाणवठ्याशी इंजिन बंद करून तासभर बसता येणं हे सुख वेगळं. या लेखातले बहुतेक सल्ले त्या एका तासासाठी आहेत.

पहिल्यांदा जायचं तर कुठे जावं?

क्रूगर, माझं मत पक्कं आहे. १९२६ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जंगल उत्तर-दक्षिण सुमारे ३५० किलोमीटर लांब आहे, क्षेत्रफळ वीस हजार चौरस किलोमीटरच्या जवळपास. मुख्य रस्ते डांबरी, मुक्कामाचे कॅम्प कुंपणाच्या आत, कॅम्पमध्ये दुकान, पेट्रोल, खानावळ. जोहान्सबर्गहून पाच-सहा तासांत दक्षिणेकडचं गेट येतं.

दुसऱ्या खेपेला नामिबियातलं इटोशा. तिथे मधोमध मिठाचं प्रचंड पांढरं मैदान आहे, जवळजवळ ४,८०० चौरस किलोमीटरचं. त्याच्या कडेकडेने पाणवठे. झाडी विरळ असल्यामुळे जनावर लांबूनच दिसतं. राजधानी विंडहूकहून इटोशाच्या दक्षिण गेटपर्यंत सव्वाचारशे-साडेचारशे किलोमीटर, सगळा रस्ता डांबरी.

बोत्स्वानातलं मोरेमी, सावुती, ओकावांगोचा परिसर हे तिसऱ्या खेपेला ठेवा. तिथे खोल वाळू आहे, पाण्यातून गाडी घालावी लागते, तंबूच्या जागेला कुंपण नसतं आणि रात्री हत्ती तंबूशेजारून जातात. आम्ही अजून गेलेलो नाही. जायचं आहे.

दहा दिवसांत क्रूगर, केपटाऊन, इटोशा आणि व्हिक्टोरिया फॉल्स होईल का?

विमानाने पळापळ करून होईलही, पण जंगल हाती लागणार नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जोहान्सबर्ग ते विंडहूक रस्त्याने सुमारे १,४०० किलोमीटर. एकटा नामिबिया महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आणि लोकसंख्या जेमतेम तीस लाख, म्हणजे पुणे शहराहून कमी. नकाशावर बोटभर दिसणारं अंतर कापायला पूर्ण दिवस जातो. जंगलातही तेच. क्रूगरमध्ये डांबरी रस्त्यावर ताशी ५० आणि कच्च्यावर ४० किलोमीटर ही कमाल मर्यादा आहे, आणि प्राणी बघत जाताना वीस-पंचविसाच्या वर काटा जातच नाही. १०० किलोमीटरचा टप्पा म्हणजे सकाळ संपली.

पहिल्या सहलीत आम्ही पाच रात्रींत पाच कॅम्प घेतले होते. रोज सामान बांधा, दुपारी दोनच्या आत पुढे पोचा. तिसऱ्या दिवशी एका वाळक्या नदीपात्रात सिंहीण पिल्लांना घेऊन झोपलेली दिसली आणि आम्ही घड्याळ बघून तिथून निघालो. अजून ती जागा डोळ्यांसमोर येते. दुसऱ्या वेळी इटोशात एकाच कॅम्पमध्ये तीन रात्री राहिलो आणि जे दिसलं ते पहिल्या सहलीच्या दुप्पट होतं.

दहा दिवस असतील तर एकच जंगल घ्या आणि त्यात दोन, फार तर तीन कॅम्प.

कोणता महिना चांगला?

तिकडचे ऋतू आपल्या उलट. मे ते सप्टेंबर हिवाळा आणि कोरडा काळ. पानं गळलेली, गवत खाली बसलेलं, पाणी मोजक्या ठिकाणी उरलेलं, त्यामुळे जनावरं पाणवठ्यावर येतात. ऑगस्ट-सप्टेंबर सगळ्यात उत्तम. जून-जुलैच्या पहाटे चांगल्याच थंड असतात. आफ्रिका म्हणजे उकाडा असं समजून नुसते टी-शर्ट नेणारे उघड्या सफारी गाडीत कुडकुडतात. कानटोपी आणि जाड स्वेटर न्या.

पावसाळ्यात, नोव्हेंबरनंतर, जंगल हिरवंगार होतं, इम्पाला नावाच्या हरणांची पाडसं जन्मतात आणि स्थलांतरित पक्षी येतात. पक्षी बघणाऱ्यांनी तेव्हा जावं.

आपलं लायसन्स चालतं का? गाडी कोणत्या बाजूने चालवायची?

गाडी डावीकडून, स्टिअरिंग उजवीकडे, अगदी आपल्यासारखं. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोत्स्वाना, झिंबाब्वे, झांबिया सगळीकडे हेच. आपल्या लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना काढून न्यावा. तो आरटीओतून मिळतो आणि एक वर्ष चालतो. गाडीवाले आणि पोलीस दोघेही मागू शकतात.

तिकडे सिग्नलला ‘रोबो’ म्हणतात. ‘पुढच्या रोबोला डावीकडे वळा’ असं कुणी सांगितलं तर गोंधळू नका. चार रस्त्यांवर चारही बाजूंना ‘स्टॉप’ लिहिलेलं असतं, तिथे जो आधी येऊन थांबला तो आधी निघतो. समोर कुणी नसलं तरी गाडी पूर्ण थांबवायची.

फोर बाय फोर घ्यावीच लागते का?

क्रूगर आणि इटोशासाठी नाही. साधी सेडानही चालते. मात्र थोडी उंच गाडी घेतली तर गवताच्या वरून दिसतं, आणि गवतात बसलेल्या सिंहाच्या बाबतीत ती वीतभर उंची फार कामाची असते. बोत्स्वानातली जंगलं आणि कलहारीचा आतला भाग इथे मात्र फोर बाय फोर हवीच, आणि वाळूत ती चालवायचा सरावही.

भाड्याची गाडी ताब्यात घेताना काय तपासावं?

सुटं चाक. बाकी सगळं त्यानंतर.

नामिबियात गाडी घेतली तेव्हा कागदपत्रं, ओरखड्यांची नोंद, विमा सगळं नीट पाहिलं. सुटं चाक आहे एवढं बघून डिकी बंद केली. दुसऱ्याच दिवशी कच्च्या रस्त्यावर मागचं चाक बसलं. सुटं चाक खाली काढलं आणि अंगठ्याने दाबलं तर रबर आत गेलं, त्यात हवाच नव्हती. रणरणत्या उन्हात पाऊण तास उभे होतो. शेवटी एक शेतकरी पिकअप घेऊन आला, त्याने स्वतःच्या छोट्या कॉम्प्रेसरने हवा भरून दिली, पैसे घेतले नाहीत, आणि पुढच्या गावात टायर दुरुस्त करेपर्यंत मागेमागे आला. गाडी देणाऱ्या कंपनीला फोन केला तर उत्तर मिळालं की टायर विम्यात येत नाही. ते खरंच होतं, करारात लिहिलेलं होतं. पण फुसकं चाक देणं करारात नव्हतं, आणि त्याबद्दल त्यांनी साधी दिलगिरीही व्यक्त केली नाही.

म्हणून तिथेच, अंगणात, सुटं चाक बाहेर काढायला लावा, हवा मोजून घ्या, जॅक आणि पाना आहे का पाहा. बऱ्याच विम्यांत टायर, काचा, गाडीचा तळ, वाळूने किंवा पाण्याने झालेलं नुकसान हे धरलेलं नसतं. वेगळे पैसे भरून काय काय त्यात येतं ते विचारा. अनामत रकमेसाठी क्रेडिट कार्ड लागतं आणि ते सहसा चालकाच्याच नावाचं असावं लागतं.

कच्च्या रस्त्यांची भीती वाटते. काय काळजी घ्यावी?

नामिबियातले कच्चे रस्ते रुंद आणि सरळ असतात, त्यामुळे वेग कधी वाढला ते कळत नाही. खडीवर चाकांची पकड कमी असते. जोरात ब्रेक दाबला किंवा स्टिअरिंगला हिसका दिला की गाडी घसरते आणि उलटते. ताशी ८० च्या वर जाऊच नका, वळणावर आणखी कमी. समोरून गाडी आली की धुळीत काही सेकंद काहीच दिसत नाही, त्याच्या आधीच वेग उतरवा. टायरमधली हवा खडीवर थोडी कमी ठेवतात. किती, ते गाडी देणाऱ्याकडूनच लिहून घ्या.

अंधार पडल्यावर हमरस्त्यावर गाडी चालवू नका. कुडू नावाचं मोठं हरीण दिव्यांच्या झोतात अचानक उडी मारतं, आणि रस्त्यावर गुरं-गाढवंही असतात. अर्धी टाकी झाली की पेट्रोल भरा, पुढचा पंप शंभर-दीडशे किलोमीटरवर असू शकतो. पाणी माणशी पाच लिटर गाडीत कायम असू द्या.

मुक्काम कुठे करावा? बुकिंग किती आधी?

जंगलाच्या आतल्या कॅम्पमध्येच. बाहेर स्वस्त आणि छान जागा मिळतात, पण रोज गेटवर रांग लावण्यात पहाट जाते, आणि पहाट गेली की निम्मं गेलं. क्रूगरमध्ये उन्हाळ्याच्या महिन्यांत आत राहणाऱ्यांना कॅम्पचं फाटक बाहेरच्या गेटच्या आधी उघडतं.

क्रूगरचं बुकिंग सॅनपार्क्स या सरकारी संस्थेकडे, ११ महिने आधी खुलं होतं. तिकडच्या शाळांच्या सुट्ट्या असतील तर पहिल्याच आठवड्यात करा. लोअर साबी, सातारा, स्कुकुझा हे कॅम्प लवकर भरतात. सातारा या नावाने प्रत्येक मराठी माणूस चमकतो. सिंहांसाठी प्रसिद्ध असा तो मध्य क्रूगरचा कॅम्प आहे आणि तिथला एस १०० हा कच्चा रस्ता पहाटे फाटक उघडताच गाठावा.

प्राणी शोधायचे कसे? आपल्याला तर गाईडची सवय.

हळू जा, आणि दर थोड्या अंतराने इंजिन बंद करून काचा खाली घ्या. कान फार कामाला येतात. ताडोबात वानर आणि चितळ ओरडले की आपण सावध होतो, तिकडे तेच काम इम्पालाचं फुरफुरणं आणि माकडांचा कलकलाट करतो. झेब्र्यांचा कळप एकाच दिशेला मान करून निश्चल उभा असेल तर थांबा. ते चरायला लागले तरच पुढे जा.

समोरून येणाऱ्या गाडीला काच खाली करून विचारायची पद्धत आहे, लोक आनंदाने सांगतात. क्रूगरच्या कॅम्पमध्ये नकाशाचा फलक असतो, त्यावर रंगीत चुंबकं लावून काल-आज कुठे काय दिसलं ते दाखवतात. संध्याकाळी तो वाचल्याशिवाय झोपू नका.

नदीकाठचे रस्ते दुपारीही रिकामे जात नाहीत. स्कुकुझा ते लोअर साबी हा साबी नदीकाठचा रस्ता आम्ही एकाच दिवशी दोनदा केला. जाताना पाणघोडे आणि मगरी, येताना झाडाच्या आडव्या फांदीवर बिबट्या, चारही पाय खाली सोडून झोपलेला. शेपटीचं टोक तेवढं हलत होतं.

हत्तीने वाट अडवली तर?

थांबा. लांब थांबा आणि मागे जायला जागा ठेवा. आई आणि पिल्लाच्या मधे गाडी कधीही घालू नका. एकटा नर हत्ती येत असेल तर त्याचं गंडस्थळ बघा. डोळा आणि कान यांच्या मधे ओलसर काळा ओघळ असेल, मागच्या पायांवरून लघवी ठिबकत असेल, तर तो मस्तीवर आहे. ‘मद गळणं’ हा शब्द आपण लहानपणापासून वाचतो, तो इथे काचेपलीकडे दिसतो. अशा हत्तीला रस्ता द्यायचा, शंभरेक मीटर मागे सरकायचं, हॉर्न वाजवायचा नाही. कान फडफडवून डोकं हलवणारा हत्ती इशारा देत असतो. त्याच्याशी वाद घालू नये.

गाडीतून उतरता येतं का? बाथरूमचं काय?

ठरवून दिलेल्या जागा सोडून उतरता येत नाही. खिडकीतून किंवा वरच्या झडपेतून धड बाहेर काढणंही मना आहे, दंड होतो, आणि सिंह गवतात पाच फुटांवर असला तरी दिसत नाही. सहलीच्या जागा, पक्षी बघायचे आडोसे आणि काही पूल इथे उतरायला परवानगी असते. इटोशात काही ठिकाणी कुंपण घातलेली स्वच्छतागृहं आहेत. नकाशावर त्यांच्या खुणा असतात. सकाळी निघतानाच त्या बघून रस्ता आखा, विशेषतः ज्येष्ठ सोबत असतील तर.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहावं लागेल का?

मुळीच नाही. खानावळीत मांसाचं राज्य आहे हे खरं, पण कॅम्पमधल्या बहुतेक झोपड्यांमध्ये फ्रीज, शेगडी, भांडी असतात आणि बाहेर निखाऱ्यांवर भाजायची जाळी. त्या भाजण्याला तिकडे ‘ब्राय’ म्हणतात. शहरातल्या सुपरमार्केटमध्ये तांदूळ, डाळी, मसाले, दही सगळं मिळतं. दक्षिण आफ्रिकेत भारतीय वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यामुळे वांग्याला तिकडेही ‘ब्रिंजल’च म्हणतात.

आईने ब्रायच्या जाळीवर वांगी ठेवली तेव्हा शेजारच्या झोपडीतलं जोडपं बघायला आलं. साल काळी पडून तडकायला लागली, देठाशी रस फुटला, तशी तिने उलथन्याऐवजी लांब चिमट्याने ती फिरवली. कांदा, मिरची, कोथिंबीर आणि वरून फोडणी. त्यांनी मक्याच्या पिठाचा घट्ट ‘पाप’ आणला, दिसायला आपल्या उकडीसारखाच. भरीत आणि पाप ही जोडी मी आता घरीही करते.

मेतकूट, भाजणी, लाडू असं कोरडं, बंद पाकिटातलं नेता येतं, पण विमानतळावर जाहीर करा. दुधाचे पदार्थ, बी-बियाणं, ताजी फळं टाळा. जेवण उघड्यावर ठेवू नका, बबून माकडं फ्रीजसुद्धा उघडतात. आणि कुंपणापलीकडे येऊन उभं राहणाऱ्या तरसाला काहीही टाकू नका. माणसाकडून खायची सवय लागलेलं जनावर शेवटी गोळीने मरतं.

मलेरिया आणि पीतज्वराच्या लसीचं काय?

क्रूगर आणि इटोशा दोन्हीकडे मलेरियाचा धोका असतो, पावसाळ्यात जास्त, कोरड्या हिवाळ्यात कमी. प्रतिबंधक गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या. त्या जाण्याआधी सुरू करतात आणि परत आल्यावरही ठरलेले दिवस चालू ठेवाव्या लागतात. आल्यानंतर काही आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना प्रवासाबद्दल आधी सांगा. लहान मूल असेल आणि धोका नकोच असेल तर पिलानेसबर्ग किंवा अॅडो ही दक्षिण आफ्रिकेतली मलेरियामुक्त जंगलं आहेत. अॅडो १९३१ साली अवघ्या ११ हत्तींसाठी राखलं होतं, आज तिथे शेकडो आहेत.

पीतज्वराचं प्रमाणपत्र थेट भारतातून जाणाऱ्याला लागत नाही, पण विमान नैरोबी किंवा आदिस अबाबामार्गे असेल आणि तिथला थांबा १२ तासांपेक्षा जास्त असेल तर दक्षिण आफ्रिका ते मागते. लस प्रवासाच्या किमान १० दिवस आधी घ्यावी लागते. तिकीट काढतानाच हे बघा.

व्हिसा आणि सीमा ओलांडण्याबद्दल सांगा.

प्रत्येक देशाचे नियम वेगळे आणि ते बदलत असतात. त्या त्या देशाच्या दूतावासाच्या संकेतस्थळावरच बघा. दक्षिण आफ्रिकेतून शेजारच्या देशात जाऊन परत यायचं असेल तर अनेक प्रवेशांचा व्हिसा आहे ना, हे तपासा. मुलं सोबत असतील तर आईवडिलांची नावं असलेला जन्मदाखला ठेवा. गाडी सीमेपार न्यायला गाडीमालकाचं पत्र लागतं, ते बुकिंगच्या वेळीच मागा. वाटेत गुरांच्या लाळ्या-खुरकूत रोगासाठी नाकी असतात. तिथे कच्चं मांस काढून घेतात, कधी चपला आणि चाकं औषधाच्या पाण्यातून न्यायला लावतात.

पैसे, फोन, चार्जिंग?

नामिबियाचा डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड एकास एक. रँड नामिबियात चालतो, उलट चालत नाही. विमानतळावर सिम घ्या, पण जंगलात बराच वेळ रेंज नसते, नकाशा आधीच उतरवून ठेवा. प्लग आपल्या गीझरच्या जाड तीन पिनांसारखा, तसा एक अडॅप्टर घरूनच न्या. पेट्रोल पंपावर माणूस भरून देतो, काच पुसतो, त्याला पाच-दहा रँड द्या.

चोऱ्या होतात म्हणे?

शहरांत हो, जंगलात काळजी नाही. जोहान्सबर्गला संध्याकाळी उतरत असाल तर विमानतळाजवळ झोपा आणि सकाळी निघा. सीटवर बॅग, फोन दिसेल असं ठेवू नका. रिमोटने गाडी लॉक केली तरी हाताने दार ओढून बघा, सिग्नल अडवून कुलूप लागू न देणारे चोर असतात.

एवढा खर्च केला आणि सिंह दिसलाच नाही तर?

इटोशात पहिले दीड दिवस आम्हाला सिंह दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी इटोशातल्या ओकाकुयो कॅम्पच्या पुढे, गवताळ माळावर, आई म्हणाली, ‘अगं थांब, माळढोक!’ मी म्हटलं, इथे कुठला माळढोक. पण गाडीपासून तीस-चाळीस पावलांवर तो चालत होता. करडी मान, डोक्यावर काळी शेंडी, एकेक पाय मोजून टाकल्यासारखा. तो कोरी बस्टर्ड, आपल्या माळढोकाचा सख्खा चुलतभाऊ, उडू शकणाऱ्या सगळ्यात वजनदार पक्ष्यांपैकी एक. आईचं लहानपण नान्नजच्या जवळ गेलं. तिथे माळढोक अभयारण्य आहे, पण तो पक्षी आता तिथून जवळपास गेलाच. आईने तो शेवटचा पाहिला त्याला चाळीस वर्षं झाली होती. तो गवतातून टोळ टिपत, मधेच मान फुगवत हळूहळू दूर गेला. तासभर आम्ही हललो नाही. त्या वेळात दोन गाड्या आमच्या शेजारी थांबल्या, सिंह नाही म्हटल्यावर निघून गेल्या.

सिंह त्याच संध्याकाळी दिसले, सात होते. आई घरी आल्यावर सगळ्यांना माळढोकाचंच सांगते.

रात्री काय करायचं?

ओकाकुयोच्या पाणवठ्यावर जाऊन बसायचं. कॅम्पच्या दगडी भिंतीपलीकडेच तो आहे, रात्रभर मंद पिवळा दिवा असतो. शाल, थर्मास आणि दुर्बीण घ्या, बोलू नका. आम्ही साडेअकरापर्यंत बसलो तेव्हा काळा गेंडा आला, मागोमाग पिल्लू. पाणी पिण्याचा सुर्र असा आवाज भिंतीवर स्पष्ट ऐकू येत होता. पिल्लू पाण्यातल्या स्वतःच्या सावलीला बिचकून मागे सरलं.

गेंड्याचे फोटो टाकू का?

टाका, पण जागा, रस्त्याचा क्रमांक, पाणवठ्याचं नाव लिहू नका, आणि फोनमधली ठिकाणाची नोंद आधी बंद करा. शिंगासाठी गेंडे मारणाऱ्या टोळ्या असे फोटो बघतात. आमच्याकडच्या त्या रात्रीच्या फोटोंवर तारीखही लिहिलेली नाही.